मुंबई महापालिकेने शाळेत जाण्याचे वय न झालेल्या मुलांसाठी दिवसभराची पाळणाघरे चालवावीत का?

प्रश्न : चारकोपची एक आई

प्रश्न विचारण्याआधी माझी परिस्थिती थोडक्यात सांगते. मी चारकोपला राहते आणि नोकरीसाठी रोज चर्चगेटला जाते. सकाळी साडेसातला घर सोडावे लागते, आणि संध्याकाळी कांदिवलीला उतरून शेअर रिक्षाच्या रांगेतून घरी पोहोचेपर्यंत सव्वासात तरी वाजतात. माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. आजवर सासूबाईंनी तिला सांभाळले. आता त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे आणि धावणाऱ्या मुलीच्या मागे जाणे त्यांना शक्य नाही. घराजवळच्या एका खासगी पाळणाघरात आम्ही तिला महिनाभर ठेवले. महिन्याला ८,५०० रुपये देऊनही दोन खोल्यांच्या सदनिकेत बावीस मुले आणि त्यांना पाहणाऱ्या दोनच बायका, असे तेथील चित्र होते. त्या बायका वाईट नव्हत्या, पण दोघींनी बावीस मुलांचे जेवण, शी-शू, झोप आणि रडणे कसे सांभाळावे? एके दिवशी मी लवकर गेले, तेव्हा मुलगी ओल्या लंगोटात टीव्हीसमोर झोपलेली होती. दुसऱ्या दिवसापासून मी बिनपगारी रजेवर आहे.

परंतु हा प्रश्न मी केवळ स्वतःसाठी विचारत नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई पाच घरची कामे करतात. त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा अंगणवाडीत जातो, पण अंगणवाडी दुपारी सुटते आणि ताईंचे शेवटचे काम संध्याकाळी साडेपाचला आटोपते. मधल्या वेळेत त्याला कोण पाहते, असे मी विचारले, तेव्हा समजले की त्यांची नऊ वर्षांची मुलगी आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळा बुडवून भावाला सांभाळते. माझ्यापाशी निदान बिनपगारी रजेचा पर्याय आहे. त्या मुलीपाशी कोणताच नाही.

मी दोन सरकारी कार्यालयांत जाऊन चौकशी केली. एकीकडे सांगण्यात आले की अंगणवाड्या महापालिकेच्या अखत्यारीत येत नाहीत. दुसरीकडे सांगण्यात आले की अंगणवाडीची वेळ ठरलेली आहे आणि ती वाढवणे त्यांच्या हातात नाही. दोन्ही उत्तरे बहुधा खरीच असतील, पण दोन्ही ऐकून मी जिथे होते तिथेच राहिले.

म्हणून या विषयाची माहिती असणाऱ्यांना माझे तीन प्रश्न आहेत. सहा वर्षांखालील, विशेषतः तीन वर्षांखालील मुलांच्या दिवसभराच्या सांभाळाची जबाबदारी मुंबईत कायद्याने नेमकी कोणावर आहे? महापालिकेने ही सोय करावी अशी मागणी कायद्यात बसणारी आहे का? आणि बसत असेल, तर ती कोणापुढे आणि कोणत्या शब्दांत मांडावी?


उत्तर १ : निवृत्त मुख्यसेविका

मी अनेक वर्षे वस्त्यांमधील अंगणवाड्यांवर देखरेखीचे काम केले आहे, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या बाजूने देते.

अंगणवाड्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेखाली चालतात. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि त्यांत आपली धारावी होती. मुंबईतील अंगणवाड्या राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे आहेत, महापालिकेकडे नाहीत. महापालिकेच्या बालवाड्या वेगळ्या. एकाच गल्लीत अंगणवाडी आणि बालवाडी दोन्ही असतात आणि पालकांना त्यांतला फरक ठाऊक नसतो, त्यामुळे एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पाठवले जाण्याचा आपला अनुभव मला नवा नाही.

अंगणवाडीतून सहा सेवा द्यायच्या असतात : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज असल्यास रुग्णालयाकडे पाठवणे), अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण आणि मातांना पोषण-आरोग्य शिक्षण. ही यादी नीट पाहिली तर लक्षात येईल की आई कामावर असताना मुलाला दिवसभर सांभाळणे हा तिचा भागच नव्हता. तीन ते सहा वयाची मुले केंद्रात येऊन बसतात, गाणी म्हणतात, गरम आहार घेतात आणि घरी जातात. तीन वर्षांखालील मूल तर केंद्रात बसतच नाही. त्याचा आहार पाकिटातून घरी जातो, वजन केले जाते, लस दिली जाते. म्हणजे ज्या वयात मुलाला क्षणभरही नजरेआड करता येत नाही, नेमक्या त्याच वयाच्या मुलाला सांभाळणारा हात या व्यवस्थेत नाही. नोकरीच्या काळात मला सर्वांत अधिक याचेच वाईट वाटत असे. वयाने लहानच असलेल्या मोठ्या बहिणीच्या कडेवर बसून लसीला आलेली बाळे मी इतकी पाहिली आहेत की आपल्या ताईंच्या मुलीची गोष्ट वाचून मला एकाच वेळी अनेक चेहरे आठवले.

पाळणाघरांची केंद्रीय योजना मात्र आहे. ती पूर्वी राजीव गांधींच्या नावाने, नोकरदार मातांच्या मुलांसाठी म्हणून, स्वयंसेवी संस्थांमार्फत चालत असे. २०१७ पासून ती राज्यांकडे सोपवण्यात आली, आणि २०२२ पासून ‘मिशन शक्ती’मधील ‘पाळणा’ या उपयोजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना पुढे आली. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, महिन्यातून २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, आणि अंगणवाडी सेविकेखेरीज पाळणाघरासाठी वेगळी सेविका व वेगळी मदतनीस, असे तिचे स्वरूप आहे. देशभरात अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे लक्ष्य ठेवलेले आहे. आपल्या भागातील बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटून ‘या प्रकल्पात पाळणा केंद्र मंजूर आहे का, नसल्यास प्रस्ताव पाठवला आहे का’ असे लेखी विचारावे. तोंडी विचारले तर तोंडीच उत्तर मिळते आणि पुढे त्याचा काही उपयोग होत नाही.

तरीही दोन अडचणी राहतात. साडेसात तास चारकोप ते चर्चगेट जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या आईला पुरत नाहीत. आणि जागा! मुंबईतील कित्येक अंगणवाड्या वस्तीतल्या भाड्याच्या एका खोलीत भरतात. तिथे पंचवीस मुलांना बसवणे जमते, पण त्यांना दुपारी आडवे करून झोपवणे, धुणे-पुसणे आणि रांगणाऱ्या बाळाला मोकळी फरशी देणे जमत नाही. जागा ज्याच्याजवळ आहे त्यानेच इथे पुढे यायला हवे, आणि या शहरात ती महापालिकेजवळ आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. पाळणाघराची मागणी करताना ‘सध्याच्याच सेविकांनी दोन-चार तास अधिक थांबावे’ असे कृपा करून लिहू नका. सेविका आजही मानधनावर काम करतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्याचा हक्क मान्य केला, आणि तरीही डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातील सेविकांना दीर्घ संपावर जावे लागले. एका आईला कामावर जाता यावे म्हणून दुसऱ्या आईने अपुऱ्या मोबदल्यात राबावे, ही व्यवस्था मला मान्य होणार नाही.


उत्तर २ : लालबागचा रहिवासी

पाळणाघर ही मुंबईला अलीकडे सुचलेली गोष्ट नव्हे, हे या चर्चेत नोंदवावेसे वाटते. माझी आजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर नव्हे, पण सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामाला होती आणि माझे वडील काही काळ गिरणीच्या पाळणाघरात वाढले. आजी दुपारी मधल्या सुटीत त्यांना पाजून पुन्हा खात्यात जात असे.

त्याआधीची स्थिती भयानक होती. कामावर जाताना बाळ शांत झोपून राहावे म्हणून गिरणगावात बाळागोळी देत असत. तिच्यात अफू असे. १९३१ च्या शाही श्रम आयोगाच्या अहवालातही या प्रथेची दखल घेतलेली आहे. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये मातृत्व लाभाचा कायदा केला, आणि पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक ठरवले. १९७६ मध्ये ती संख्या तीसवर आणली गेली. बांधकाम मजुरांसाठीही १९९६ च्या कायद्यात अशीच तरतूद होती. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर उघडून मोबाइल क्रेशेस या संस्थेने काम सुरू केले आणि १९७२ पासून ते मुंबईतही आले.

या सर्व कायद्यांत एक धागा समान आहे. मालक कोण हे ठाऊक असते, आणि कामगार स्त्रिया किती हे मोजता येते. २०१७ मध्ये मातृत्व लाभ अधिनियमात झालेली दुरुस्तीही तशीच आहे : रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी व आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावे, असे ठरले. परंतु १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या घरांतल्या बायका पोळ्या लाटायला, घरकामाला, दुकानांत, छोट्या कार्यालयांत गेल्या. पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मालक कोण? पाच घरे, आणि त्यांतले एकही पन्नास माणसांची आस्थापना नाही. जिच्या मालकावर कायद्याचे बोट ठेवता येत नाही, तिच्या मुलाची जबाबदारी शहराने घ्यायला हवी, कारण तिच्या कामावर हे शहर रोज सकाळी उभे राहते. माझ्या दृष्टीने महापालिकेच्या पाळणाघराचे सर्वांत मोठे समर्थन हेच आहे. तेव्हा अशी केंद्रे उघडलीच तर ती आधी वस्त्यांलगत उघडावीत.


उत्तर ३ : बोरिवलीचे आजोबा

मी माझ्या नातवाला सांभाळतो, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो. मूल एक वर्षाचे होईपर्यंत तरी ते आपल्या माणसांत असावे असे मला प्रामाणिकपणे वाटते, आणि त्यासाठी वडिलांनाही पुरेशी रजा मिळायला हवी. दुसरे असे की, ज्या मुलाला बोलता येत नाही ते आपल्यावरचा अन्याय सांगू शकत नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका खासगी पाळणाघरात चिमुकलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली म्हणून उघडकीस आली. कॅमेरा नसता तर? महापालिकेने पाळणाघर काढले तर तिथल्या बाईवर लक्ष कोण ठेवणार, याचे उत्तर आधी मिळायला हवे. केंद्रे उघडण्याची घाई करून मुलांचे हाल होणार असतील, तर माझा या कल्पनेला विरोध राहील.


उत्तर ४ : मुलुंडची आई, काही वर्षे इंग्लंडमध्ये वास्तव्य

आजोबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही काही वर्षे इंग्लंडमध्ये राहिलो आणि माझा मुलगा तिथेच पाळणाघरात गेला. तिथे सगळे उत्तम आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही, पण तिथल्या व्यवस्थेची मांडणी इथे उपयोगी पडेल असे वाटते.

तिथे २००६ साली बालसंगोपनाचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमानुसार स्थानिक परिषदेवर, म्हणजे आपल्याकडील महापालिकेसारख्या संस्थेवर, असे कर्तव्य आहे की नोकरी करणाऱ्या किंवा नोकरीसाठी शिक्षण घेणाऱ्या पालकांच्या गरजेला पुरेल इतकी सोय आपल्या हद्दीत, शक्य असेल तेथवर, उपलब्ध आहे हे तिने पाहावे. परिषदेने सगळी पाळणाघरे स्वतः चालवावीत असे कायदा सांगत नाही. उलट आठव्या कलमानुसार दुसरे कोणी ती सोय करायला तयार नसेल, किंवा परिषदेने करणेच योग्य ठरत असेल, तरच तिने ती स्वतः करायची. त्यामुळे परिषदेला मोजणी करावीच लागते : कोणत्या भागात किती लहान मुले आहेत, किती जागा आहेत, कोणत्या वेळेला आहेत, अपंग मुलांसाठी काय आहे. याचा अहवाल दरवर्षी निवडून आलेल्या सदस्यांपुढे ठेवायचा असतो आणि पालकांनाही तो पाहता येतो.

देखरेखीचे काम परिषदेकडे नसून स्वतंत्र तपासणी यंत्रणेकडे आहे. पाळणाघर चालवणारा एक आणि तपासणारा दुसरा, हे मला फार महत्त्वाचे वाटते, आणि आजोबांच्या शंकेचे उत्तरही काही अंशी त्यात आहे. दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक मोठी व्यक्ती असलीच पाहिजे, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, असे तिथले प्रमाण आहे. आपल्याकडे मातृत्व लाभ कायद्याखालील पाळणाघरांसाठी केंद्राने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक असे प्रमाण सुचवले आहे. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी पाहिलेले बावीस मुलांना दोघी हे प्रमाण, मुले तीन वर्षांखालची असतील तर, आपल्याच शिथिल मापालाही उतरत नाही.

तिथून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. घरच्या घरी तीन-चार मुले सांभाळणाऱ्या बायकांचीही तिथे नोंदणी, तपासणी आणि प्रशिक्षण होते, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या मुलांनाही सरकारी अनुदानाचे तास वापरता येतात. आपल्या प्रत्येक इमारतीत आणि चाळीत अशी एखादी काकू असतेच. तिचे घरगुती पाळणाघर आज कोणत्याही यादीत नाही. ते चांगले असले तरी कोणाला कळत नाही आणि वाईट असले तरी नाही. प्रत्येक विभाग कार्यालयाने अशा काकूंची नोंदणी केली, त्यांना प्रथमोपचार आणि बालसंगोपनाचे प्रशिक्षण दिले, आणि गरीब मुलांचे शुल्क परस्पर त्यांना दिले, तर एकही नवी इमारत न बांधता पुष्कळ मुलांची सोय होईल.

दोषही सांगते. तिथे अनुदानाचे तास वाढवत नेले; सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांच्या बाळापासून आठवड्याला तीस तास, वर्षातील ३८ आठवडे, मिळू लागले आहेत. पण सरकार देत असलेल्या दरात खर्च भागत नाही अशी चालकांची सततची तक्रार असते. काम सोपवायचे आणि पैसे अपुरे द्यायचे, ही चूक आपण इथे करू नये.


उत्तर ५ : नगररचनेतील एक वास्तुविशारद

आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांविषयी लिहितो.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा आहे. त्याच्या ६१ व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि ६३ व्या कलमात स्वेच्छाधीन. प्राथमिक शिक्षण ६१ मध्ये आहे. शाळापूर्व वयाच्या मुलांचा सांभाळ त्या बंधनकारक यादीत नाही. मात्र ६३ व्या कलमाची भाषा पुरेशी व्यापक आहे. सार्वजनिक आरोग्य, सोय आणि शिक्षण यांसाठी अन्यत्र न सांगितलेले उपायही महापालिका आपल्या इच्छेने हाती घेऊ शकते. म्हणजे पाळणाघरे चालवण्यास कायदा तिला अडवत नाही, आणि भागही पाडत नाही. आपली मागणी कायद्यात बसते, पण हक्क म्हणून तिची अंमलबजावणी आज करून घेता येणार नाही.

राज्यघटनेतही हीच पोकळी आहे, आणि ती मला खटकते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ४५ व्या अनुच्छेदात सहा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांची निगा आणि शिक्षण यांसाठी राज्याने प्रयत्न करावा एवढेच म्हटले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या ११ व्या कलमातही तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी शासन व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच आहे. आता घटनेतील पंचायतींसाठीची अकरावी अनुसूची आणि नगरपालिकांसाठीची बारावी अनुसूची शेजारी ठेवून वाचा. अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत ‘महिला व बाल विकास’ हा स्वतंत्र विषय आहे. बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत तो नाही. म्हणजे गावच्या ग्रामपंचायतीकडून घटनेने जी अपेक्षा ठेवली, ती मुंबईसारख्या महानगराच्या पालिकेकडून नावानिशी ठेवलेली नाही. कर्नाटकात २०२३ पासून ग्रामपंचायतींमार्फत मजूर स्त्रियांच्या लहान मुलांसाठी ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरे सुरू झाली. ग्रामपंचायतीला जे जमते ते मुंबईला जमू नये असे कोणी म्हणणार नाही, कारण २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्पच ७४,४२७ कोटी रुपयांचा होता.

जागेविषयी मुख्यसेविकाबाईंनी लिहिले ते अगदी बरोबर आहे, आणि या बाबतीत मी थोडा आशावादी आहे. शहरातील कोणती जमीन कशासाठी राखायची हे ठरवणाऱ्या, २०१८ मध्ये मंजूर झालेल्या विकास आराखडा २०३४ मध्ये महिलांसाठीच्या आधार केंद्रासारख्या नव्या आरक्षणांना स्थान मिळाले. समावेशक आरक्षणाच्या नियमानुसार विकासकाने आरक्षित भूखंडावर बांधकाम करताना ठरलेले बांधीव क्षेत्र महापालिकेला विनामूल्य बांधून द्यायचे असते. अशा रीतीने मिळालेल्या जागांचा वापर कशासाठी करायचा हे ठरवताना पाळणाघराचे नाव घेणारे कोणी नसेल, तर तिथे दुसरेच काहीतरी येते. आपल्या प्रभागातील आरक्षणे आणि ताब्यात आलेल्या जागा यांची यादी माहितीच्या अधिकारात मागवावी. ज्या महापालिका शाळांत पटसंख्या घटून वर्गखोल्या रिकाम्या आहेत, त्यांचीही यादी मागवावी. मात्र रांगणाऱ्या मुलांसाठी तळमजला, लहान मुलांच्या उंचीची प्रसाधनगृहे, पाण्याची सोय आणि स्वतंत्र प्रवेशद्वार लागेल, तेव्हा प्रत्येक रिकामी खोली चालेलच असे नाही. स्थानकाजवळच्या मंडया आणि पालिका इमारतींकडेही पाहावे. लोकलने जाणाऱ्या आईला घराजवळच्या केंद्राइतकेच स्थानकाजवळचे केंद्र सोयीचे पडते, कारण शेअर रिक्षाच्या रांगेतला वेळ मुलाच्या तासांतून वजा होतो.

मागणी मांडण्याची रीत अशी. आपल्या नगरसेवकांमार्फत ठरावाची सूचना सभागृहात आणावी. ती मंजूर झाली की आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते आणि प्रशासनाला लेखी उत्तर द्यावे लागते. मागणी ‘पाळणाघरे सुरू करा’ इतकी मोघम नसावी. माझ्या मते मुलुंडच्या ताईंनी सांगितलेली मोजणी हीच पहिली मागणी असावी : प्रत्येक विभागात सहा वर्षांखालील मुले किती, अंगणवाड्या, बालवाड्या आणि खासगी पाळणाघरे किती, त्यांच्या वेळा काय, हे महापालिकेने दरवर्षी जाहीर करावे. दुसरी मागणी अर्थसंकल्पातील स्वतंत्र लेखाशीर्षाची, म्हणजे याच कामासाठी वेगळ्या दाखवलेल्या रकमेची. महिला व बालकल्याणाच्या नावाने शिवणयंत्रे आणि घरघंट्या दिल्या जातात. त्यांचा उपयोग आहेच, पण घरात दीड वर्षाचे मूल असलेल्या बाईला शिवणयंत्रावर बसण्यासाठीही कोणीतरी ते मूल पाहावे लागते.


उत्तर ६ : निवृत्त मुख्यसेविका

बोरिवलीच्या आजोबांना उत्तर द्यायचे राहिले होते. कॅमेरा असावा, परंतु माझ्या अनुभवात मुलाचे रक्षण सर्वांत चांगले होते ते येण्याजाण्याच्या मोकळिकीने. आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कोणालाही, न कळवता, कोणत्याही वेळी आत येऊन पाहता आले पाहिजे. जिथे ‘दुपारी पालकांनी येऊ नये, मुले झोपलेली असतात’ असे सांगतात, तिथे मी हमखास दुपारीच जात असे. दुसरे म्हणजे मुलाचे वजन. सांभाळ नीट होत नसेल तर दोन महिन्यांत वजनाच्या आलेखावर ते दिसते. अंगणवाडीत ही नोंद होतेच, पाळणाघरातही व्हावी. आणि दर महिन्याला पालकांची बैठक घ्यावी, आपल्यासारखे मोकळा वेळ असलेले आजोबा-आजी देखरेख समितीवर असावेत. विरोध न करता आपण त्या समितीत यावे, अशी माझी आपणास विनंती आहे.


प्रश्नकर्ती : चारकोपची एक आई

सर्वांची मनापासून आभारी आहे. आपल्या उत्तरांमुळे माझ्या मागणीत बदल झाला आहे, तो इथे नोंदवते.

मी सुरुवातीला केवळ ‘महापालिकेने पाळणाघर काढावे’ असे लिहिणार होते. आता आधी दोन अर्ज करीत आहे. पहिला बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, आमच्या भागात पाळणा केंद्राचा प्रस्ताव आहे का, हे विचारणारा. दुसरा माहितीच्या अधिकाराखाली, आमच्या विभागातील रिकाम्या वर्गखोल्या आणि ताब्यात आलेल्या आरक्षित जागा यांच्या यादीसाठी. नगरसेवकांना द्यायच्या निवेदनात वेळ सकाळी सात ते रात्री आठ अशी मागणार आहे, पण त्यासाठी सेविकांच्या दोन पाळ्या आणि पूर्ण वेतन असावे हेही त्याच परिच्छेदात लिहिणार आहे.

मोजणीसाठी महापालिकेची वाट न पाहता आम्ही आमच्या सेक्टरपासून आणि पलीकडच्या वस्तीपासून सुरुवात करीत आहोत. काल आमच्या ताईंबरोबर वस्तीतल्या दोन गल्ल्यांत जाऊन आले. एकतीस घरांत सहा वर्षांखालील एकोणीस मुले आढळली, आणि त्यांपैकी सात मुलांना दुपारी त्यांच्याहून थोडीच मोठी बहीण किंवा भाऊ सांभाळतो. वहीत त्या मोठ्या भावंडांसाठी रकाना नव्हता. तो काल आखला. या रकान्यात नाव आणि इयत्ता यांखेरीज आणखी काय विचारावे, आणि मुलांना अवघडल्यासारखे न वाटता ते कसे विचारावे, हे मुख्यसेविकाबाईंनी कृपया सांगावे. पुढच्या रविवारी आम्ही उरलेल्या चार गल्ल्यांत जाणार आहोत.